स्विमिंग पूलभोवती पेबल वॉश करायचंय, खडी कुठली घेऊ?

प्रश्न: अलिबागच्या घरी छोट्या पूलभोवती टाइल्स काढून पेबल वॉश (सिमेंटमध्ये खडे बसवून वरचं सिमेंट धुऊन खडे उघडे ठेवतात ते) करतोय, पोरं घसरतात म्हणून. खडी कुठली घ्यावी, आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं तर अ‍ॅसिड चालेल का?

उत्तर: अ‍ॅसिड अजिबात नको हो, ते सिमेंट खातं आणि मग खडे सुटायला लागतात. खडी गोल घ्या, ६ ते १० मिमी, फोडलेली अनवाणी पायाला टोचते, आणि रंग फिकटच बरा, काळी खडी एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते (आमच्याकडे पोरं नाचत जायची!). पूलपासून बाहेरच्या बाजूला उतार मात्र गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या, पाणी साचलं नाही की शेवाळही कमी धरतं. उरलेलं कडक ब्रशने घासा. सीलर (पाणी आत शिरू नये म्हणून वरून मारतात तो) चकचकीत नको, ओला झाला की घसरतो, आत मुरणारा घ्या आणि पाणी थेंब न धरता मुरायला लागलं की परत मारा.