सरकार बदललं की सरकारी वकील पण बदलतात का? आणि ओळख नसताना अर्ज करण्यात अर्थ आहे का?

बदलतात. पण खरा दबाव काढून टाकण्यातून येत नाही, मुदत संपत आली की येतो. मी जिल्हा कोर्टात क्रिमिनल साईडला प्रॅक्टिस करतो, बहुतेक वेळा आरोपीकडून, त्यामुळे समोर सरकार पक्षातर्फे कोण उभं राहणार याच्याकडे आमचं बारीक लक्ष असतं.

मॅजिस्ट्रेट कोर्टातले एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, एमपीएससीची परीक्षा देऊन येतात, पगारी नोकरी, बदली होईल पण सरकार पडलं म्हणून घरी बसावं लागत नाही. सेशन्सला, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या कोर्टात, जे डीजीपी (जिल्हा सरकारी वकील) आणि त्यांच्या हाताखालचे वकील असतात ते मात्र बारमधलेच, आमच्यासारखेच, मुदतीवर नेमलेले. राजकारण शिरतं ते इथे. कायदा म्हणतो की सात वर्षं प्रॅक्टिस हवी, जिल्हाधिकाऱ्यांनी सेशन्स जजशी सल्लामसलत करून नावांचं पॅनल बनवायचं आणि त्यातून सरकारने नेमायचं. पण आपल्या राज्याने 1981 लाच सीआरपीसीच्या, म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 24 मध्ये दुरुस्ती करून जजचा सल्ला काढला आणि तिथे राज्य सरकारची मंजुरी घातली, म्हणजे ज्या जजसमोर हा माणूस रोज उभा राहणार त्यालाच विचारायची सक्ती 2024 ला सीआरपीसी जाईपर्यंत उरली नव्हती.

काढण्याचं म्हणाल तर 1990 ला उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका झटक्यात घरी पाठवले होते. श्रीलेखा विद्यार्थी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मनमानी ठरवून रद्द केलं. मग 2004 ला जोहरी मल केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की मुदत संपल्यावर परत नेमणूक मिळणं हा काही हक्क नाही. आता हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा, सरकारला कळलं की धाडकन काढायची गरजच नाही, मुदत संपेपर्यंत थांबलं की झालं, आणि हे वकिलालाही कळतं, मग शेवटच्या वर्षात साहेबांचा फोन यायच्या आधीच माणूस वाकलेला असतो.

वाकून करतो काय? खटला मागे घ्यायचा अर्ज. पूर्वी सीआरपीसीचं कलम 321, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस या नव्या कायद्याचं 360. कायद्याने हा निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या डोक्याने घ्यायचा असतो, सरकार फार तर सुचवू शकतं. मी असा एक अर्ज पाहिलाय ज्यात पहिल्या पॅरात 'केसपेपर वाचून माझे स्वतंत्र मत बनवले आहे' आणि लगेच दुसऱ्या पॅरात गृह विभागाच्या पत्राचा जावक क्रमांक! जज नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

अर्थात कोर्टं दरवेळी मान डोलवत नाहीत. केरळच्या विधानसभेत 2015 ला बजेटच्या वेळी जी तोडफोड झाली तो खटला मागे घ्यायला सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये साफ नकार दिला, आणि त्याच वर्षी असंही सांगितलं की आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. नव्या कायद्यात पीडिताचं म्हणणं ऐकणंही सक्तीचं झालंय, हे मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण त्याला कुणाकडून रिन्यूअल नको असतं.

अर्जाचं विचारताय तर सरळ सांगतो. नुसती डीजीपीची पाटी हवी असेल तर ओळखीशिवाय अवघड आहे, खोटं कशाला बोलू. पण सरकार पक्षाचं काम करायची आवड असेल तर एपीपीची जाहिरात आली की फॉर्म भरा. आणि तरीही पॅनलसाठी अर्ज टाकायचाच असेल तर तुम्ही स्वतः शेवटपर्यंत चालवलेल्या सेशन्स केसेसची यादी निकालाच्या नकलांसकट जोडा. शिफारसपत्रं सगळ्यांकडेच असतात, अशी यादी फार थोड्यांकडे असते, आणि उद्या नेमणुकीला कोर्टात आव्हान द्यायची वेळ आली तर कामाला तीच येते.