पायवाटेवर चिखल असेल तर कडेने गवतातून गेलं तर चालतं का?

नाही, चिखलातूनच जा. विचित्र वाटेल, पण राखीव जंगलातल्या वाटा खराब होतात त्या याच कडेने जाण्यामुळे. चार जणांनी डबकं टाळलं की गवत तुडवलं जातं, माती दबते, पाणी मुरत नाही, मग तिथेही चिखल. पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. बघता बघता हातभर वाटेचा गाडीरस्ता होतो! उतारावरची नागमोडी वळणं तोडून सरळ खाली उतरणं तर त्याहून वाईट, कारण पावसाचं पाणी तीच घसरण धरून माती वाहून नेतं. त्यामुळे भिजले तरी चालतील असे बूट घाला. फारच रेंदा असेल तर दोन-चार दिवसांनी जा, वाट कुठे पळून जात नाही.

निघण्याआधी आणि घरी आल्यावर बुटांचे तळवे घासून धुवा. मातीबरोबर परक्या तणांचं बी एका जंगलातून दुसऱ्यात जातं, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

फळांच्या साली 'कुजतीलच की' म्हणून टाकू नका. संत्र्याची साल कुजायला महिने लागू शकतात, आणि तोवर प्राण्यांना वाटेजवळ खाणं शोधायची सवय लागते.

प्राणी दिसला तर हात लांब करून अंगठा धरा. अंगठ्याआड तो पूर्ण झाकला जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. हळूच मागे सरका. कुत्रा नेण्याआधी मात्र तिथले नियम बघा, बऱ्याच ठिकाणी बंदी असते.