जनरल साल्वादोर आल्वारादो यांना युकातानमध्ये का मानतात?

कर्जापायी मळ्यांवर जखडलेल्या माया मजुरांना त्यांनी खरोखर मोकळं केलं, मुख्यतः म्हणून. मेक्सिकोच्या या राज्यात घायपाताच्या जातीच्या हेनेकेनची काटेरी पानं कापून दोरखंडासाठी वाख काढत. मजुराचं कर्ज फिटायचंच नाही. बाप गेला की ते मुलाच्या माथी. मुक्तीचा हुकूम १९१४ मध्येच निघाला होता, पण राहिला कागदावर. मेक्सिकन क्रांतीतले नेते कारान्सा यांनी १९१५ मध्ये पाठवलेल्या आल्वारादोंनी गव्हर्नर म्हणून तो अमलात आणला, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. जानेवारी १९१६ मध्ये राज्याची राजधानी मेरिदाच्या नाट्यगृहात भरलेली स्त्रियांची परिषदही त्यांचीच. मला ती फार मोलाची वाटते. मात्र जमिनी बहुतेक मळेवाल्यांकडेच राहिल्या.