अमेरिकन फुटबॉलमधला क्लीव्हलँड ब्राउन्स संघ २०१७ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरला. तो मुद्दाम हरत होता का?

नाही. मैदानावर उतरलेला एकही खेळाडू मुद्दाम हरत नव्हता. संघ बांधणाऱ्यांनी मात्र पराभव आधीच हिशेबात धरलेले होते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी माझ्या साडूंना इतकी वर्षे सांगत आलो आहे. तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या वाटपात, पहिला खेळाडू निवडता येतो, मग सगळे सामने हरणे ही चालच नव्हे का, असे आपण विचारले आहे. साडूंचा प्रश्नही हाच होता, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आम्ही क्लीव्हलँडच्या उपनगरात राहतो. त्या मोसमात माझ्याकडे आणि मुलाकडे एकाच सामन्याची तिकिटे होती, १० डिसेंबर २०१७ ची, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि आपला संघ जिंकताना त्याने स्टेडियममध्ये बसून कधीच पाहिले नव्हते. संघ बारा सामने खेळून बाराही हरला होता. तीनच दिवसांपूर्वी संघबांधणीचे प्रमुख साशी ब्राउन यांना काढून त्यांच्या जागी जॉन डॉर्सी यांना आणले गेले होते. एरी सरोवरावरून बोचरा वारा येत होता, तरी लोक आले होते.

पहिल्याच चढाईत आमच्या जॉश गॉर्डनने टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केला, २०१३ नंतरचा त्याचा पहिला. चारपैकी तीन क्वार्टर संपले तेव्हा फलकावर २१-७ होते आणि पुढे आम्ही होतो. मुलगा खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता. मग पॅकर्सनी एकेक यार्ड खात अंतर कमी केले आणि अवघी १७ सेकंदे उरलेली असताना बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) चेंडू आधी आमच्याकडे आला. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, डिशोन कायझर याने अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूच्या दडपणाखाली चेंडू भिरकावला, तो पॅकर्सच्या हाती गेला आणि थोड्याच वेळात दव्हांते ॲडम्सच्या टचडाउनने सामना संपला : २७-२१.

गाडीपर्यंत चालत जाताना मुलाने मला विचारले, "बाबा, त्याला शिकवणारा कुणी मोठा खेळाडू संघात नाही का?" खरोखरच नव्हता. कायझर एकवीस वर्षांचा होता, महाविद्यालयातून थेट आलेला, आणि त्याच्या जोडीचे दोन्ही क्वार्टरबॅक, कोडी केसलर व केविन होगन, जेमतेम दुसऱ्या मोसमात होते. एका लहान मुलाला दिसलेली ही उणीव संघ चालवणाऱ्यांना दिसत नव्हती असे मी मानत नाही. त्यांनी ती चालवून घेतली. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी तिथेच सापडते.

ती कशी चालवून घेतली, तेही पाहा. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्राउन्सनी ह्यूस्टनकडून ब्रॉक ऑस्वायलर हा अनुभवी क्वार्टरबॅक घेतला, पण खेळवण्यासाठी नव्हे. त्याच्या १ कोटी ६० लाख डॉलरच्या पगाराचा बोजा उचलण्याच्या बदल्यात ह्यूस्टनने आपली २०१८ च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीतली निवड दिली. मोसम सुरू होण्यापूर्वीच त्याला सोडून देण्यात आले. त्याआधी, २०१६ मध्ये, अ‍ॅलेक्स मॅक आणि मिचेल श्वार्ट्झ हे क्वार्टरबॅकचे रक्षण करणारे दोन कसलेले खेळाडू संघ सोडून निघून गेले होते. जो हेडन या जुन्याजाणत्या बचावपटूला ऑगस्ट २०१७ मध्ये मोकळे केले, तर पिट्सबर्गने त्याला त्याच दिवशी घेतले. अशा संघात कायझरच्या नावावर ११ टचडाउन आणि २२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेल्या फेका) लागले आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला दुसऱ्या संघाला देऊनही टाकले. दोष त्याच्या हाताला देणे सोपे आहे. मला तो अन्याय वाटतो.

आता साडूंविषयी. ते पिट्सबर्गला असतात. वर्षाखेरीस आम्ही दोन्ही कुटुंबे पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात दर्शन घेऊन त्यांच्या घरी जेवतो. ३१ डिसेंबर २०१७ रोजी आमचा शेवटचा सामना पिट्सबर्गशीच होता. त्यांनी आपला मुख्य क्वार्टरबॅक बसवून ठेवला होता, तरी आम्ही २८-२४ असे मागे पडलो. शेवटच्या दोन मिनिटांत चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नावर कायझरने नेमका फेकलेला चेंडू कोरी कोलमनच्या हातांतून निसटला. मुलगा उठून आतल्या खोलीत गेला. साडू मला म्हणाले, "बरं झालं. हे जिंकले असते तर पहिली निवड हातची गेली असती. हरण्यातच शहाणपण आहे, हे मुलाला आत्ताच शिकवा."

तेव्हा मी काही बोललो नाही, कारण ते वयाने मोठे आहेत आणि ताट समोर होते. पण त्यांचे म्हणणे मुळातच चुकीचे होते. त्या सामन्याआधी आम्ही ०-१५ (एकही विजय नाही, पंधरा पराभव) होतो, आणि आमच्या मागोमाग तळाला असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सचे दोन विजय झालेले होते. आम्ही जिंकलो असतो तरी पहिली निवड आमचीच राहिली असती. त्या दुपारी हरून मिळवण्यासारखे काहीही उरलेले नव्हते, तरी ती मुले शेवटच्या चेंडूपर्यंत झगडली. मुद्दाम हरणारा संघ असा खेळत नाही. मुलाला शिकवायचे असेल तर हे शिकवावे.

दोन गोष्टी साडूंच्या बाजूनेही नोंदवल्या पाहिजेत. ऑस्वायलरच्या व्यवहारात मिळालेल्या निवडीतूनच निक चब आला, पहिल्या निवडीवर बेकर मेफील्ड आला, आणि १० जानेवारी २०२१ रोजी या दोघांनी बचावपटू मायल्स गॅरेटच्या साथीने पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर बाद फेरीत ४८-३७ असे हरवले. शिवाय तेव्हाचे प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांनी २०२२ मध्ये सूचित केले होते की, पराभवांना उत्तेजन देणारी योजना वरूनच आखली गेली होती. लीगने नेमलेल्या चौकशीत मात्र त्या आरोपाला पुष्टी मिळाली नाही, त्यामुळे मीही तसा आरोप करत नाही. माझे म्हणणे फक्त दिसलेल्या निर्णयांपुरते आहे.

पिट्सबर्गवरच्या त्या विजयानंतर साडूंचा फोन आला. स्वतःचा संघ हरलेला असूनही ते म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना? गुंतवणूक होती ती." मी त्यांना जो थॉमसची आठवण करून दिली. २००७ पासून तो ब्राउन्सच्या डाव्या टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या जागी, उभा होता, सलग १०,३६३ स्नॅप (चेंडू खेळात येण्याचे क्षण), एकही न चुकवता. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टेनेसीविरुद्ध त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि ती मालिका तुटली. पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. अकरा मोसमांत त्याच्या वाट्याला बाद फेरीचा एकही सामना आला नाही. ही गुंतवणूक असेल तर भांडवल त्याचे होते, आणि परतावा मिळाला तेव्हा तो मैदानावर नव्हता. फोनवर साडू बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाला फोन द्यायला सांगितले आणि त्याचे अभिनंदन केले.