"म्हणाला"च्या जागी कोटी करावी का?

"कथेत संवादानंतर 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' लिहिण्याऐवजी गमतीदार कोटी केली तर चालते का? इंग्रजीतल्या टॉम स्विफ्टीसारखं, म्हणजे बोलण्याच्या तऱ्हेवरच केलेल्या कोटीसारखं, मराठीत जमतं का?" असं तुम्ही विचारलंय. चालते आणि जमतंही. "पोरकटपणा" म्हणून सरसकट काट मारणारे संपादक चुकतात, हे आधीच सांगते.

नऊ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने माझी कथा घेतली. कथेत गोधडी शिवायची सुई हरवते. सासू दोन दिवस सुनेला बोल लावते, तिचं माहेर काढते. तिसऱ्या दिवशी सुई सासूच्याच अर्धवट गोधडीत सापडते. तिथे मी लिहिलं होतं: "सापडली बाई सुई. आता तुझ्या माहेरी विचारायला नको," सासूबाई टोचून बोलल्या.

अंक हातात आला तेव्हा शेवट "सासूबाई म्हणाल्या" असा होता. मी फोन केला. संपादक म्हणाले, गंभीर कथेत शाब्दिक कोटी शोभत नाही, लेखकाने पात्रांच्या मध्ये डोकावू नये. अर्धा तास मी भांडले. अहो, टोचून बोलणं हा काही मी लावलेला शोध नाही! आपल्या घराघरांत त्या बोलण्याला हाच शब्द आहे. समोर सुई होती म्हणून तो दोनदा टोचला, एवढंच. ज्याला दुसरा अर्थ दिसला त्याला जास्त लागेल. ज्याला नाही दिसला त्याला सासूचा स्वभाव तर कळेलच. तो अंक माझ्या मोठ्या जाऊबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "शेवटी सासू निवळली ते बरं केलंस." निवळली! एका शब्दाच्या काटछाटीने माझ्या कथेचा शेवट उलटा झाला होता.

आता तुमच्या टॉमकडे येते. टॉम स्विफ्ट हा १९१० पासून अमेरिकेत निघालेल्या मुलांच्या पुस्तकमालेचा नायक. व्हिक्टर ऍपलटन हे त्या मालेचं टोपणनाव, त्यामागे लिहिणारे वेगळे. त्यात साधं "म्हणाला" शक्यतो टाळलेलं, बोलण्याला वरचेवर क्रियाविशेषणाची शेपटी. पुढे लोकांनी त्याचीच थट्टा केली, तीच टॉम स्विफ्टी. "घाई करायला हवी," टॉम 'स्विफ्टली' म्हणाला, म्हणजे चपळाईने, आणि नावही तेच. १९६३च्या सुमारास अमेरिकेत या कोट्यांची साथच आली होती.

मराठीत हे जसंच्या तसं उचललं की फसतं. इंग्रजीत 'म्हणाला टॉम' आधी येऊन जातं आणि कोटी अगदी शेवटी पडते. आपलं क्रियापद शेवटी. "विहीर आटली," तो कोरडेपणाने म्हणाला. हशा 'कोरडेपणाने'वर यायला हवा, पण पुढे 'म्हणाला' लोंबकळत राहतो. शिवाय ती 'पणे-पणाने' वाली क्रियाविशेषणं भाषांतराच्या वासाची.

म्हणून कोटी क्रियापदातच बसवा. बोलण्याच्या तऱ्हा सांगणारी नादमय क्रियापदं आपल्याकडे खोऱ्याने आहेत:

"चकल्या मऊ पडल्या," ती कुरकुरली.
"मोहरी टाकली का?" ती तडतडली.
"खेकडे आणलेत," तो खेकसला.
"करवत कुठंय?" तो करवादला.

यातही प्रतवारी आहे. खेकडे-खेकसला, करवत-करवादला हा नुसता नाद, एकदा हसून संपतो. चकली कुरकुरते आणि माणूसही कुरकुरतो, मोहरी तडतडते आणि रागावलेली बाईही. इथे दोन्ही अर्थ खरे आहेत. शाळेत शिकलेला श्लेष तो हाच. दुसरी खाण वाक्प्रचारांची. "मी वरच्या मजल्यावर राहतो," तो चढ्या आवाजात म्हणाला. "टाळ उद्या आणतो," बुवा टाळाटाळ करत म्हणाले. इथे 'म्हणाला' मागे राहिला तरी खुपत नाही, कारण वाक्प्रचार अख्खा कानात बसलेला असतो.

आपल्याकडे हे कमी का, यावर माझं एक मत आहे. कोल्हटकर-गडकऱ्यांपासून आपली कोटी रंगभूमीवर वाढली, आणि नाटकात 'म्हणाला' नसतोच. सगळी करामत पात्राच्या तोंडी. म्हणून निवेदकाने कोटी केली की आपल्या संपादकांना ती आगाऊपणा वाटते. पण आजीने गोष्ट सांगताना "मग काय, म्हातारी तडतडली" म्हटलं की आपण माना डोलवायचोच ना? ती निवेदकच होती.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते: एका कथेत अशी जागा एखादीच ठेवा. पाच-सहा झाल्या की वाचक पुढची कोटी हेरत बसतो आणि संवाद वाचतच नाही. बाकी ठिकाणी साधं 'म्हणाली' उत्तम, आणि कोण बोलतंय ते कळत असेल तर तेही नको. लहान मुलांसाठी लिहीत असाल तर मात्र हात सैल सोडा, मुलांना नाद पुरतो.

कोटी ठेवायची की काढायची ते असं तपासा: तिच्या जागी 'म्हणाली' घाला आणि घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. प्रसंग तोच राहिला तर खुशाल काढा. जाऊबाईंना झालं तसं सासू निवळल्यासारखी वाटली, तर संपादक कितीही मोठा असो, सोडू नका. माझा संग्रह निघाला तेव्हा 'टोचून बोलल्या' मी परत घातलं, आणि मुद्रितं तीनदा स्वतः तपासली.