सहलीला गेल्यावरही राजकारण का निघते : चि. ओंकारला पत्र

मस्कत,
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तू पाठवलेला निरोप मी तीनदा ऐकला. शनिवारी सगळ्यांनी मिळून शिवकाळावरचा मराठी चित्रपट पाहिला, रविवारी दोन गाड्या करून औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलात आणि दोन्ही दिवशी आबा व काका राजकारणावरून भांडले, असे तू सांगितलेस. चित्रपटाच्या मध्यंतरात चहाबरोबर सुरू झालेला वाद दुसऱ्या दिवशी भिलवडी येईपर्यंत संपला नव्हता, आणि रात्री मात्र दोघे शेजारी बसून, एकाच टोपलीतल्या भाकरी घेऊन, काही झालेच नाही असे जेवले. तुझा प्रश्न असा की, मराठी माणसांना सहलीलासुद्धा राजकारण कशाला लागते, आणि एवढे भांडल्यावर ती पुन्हा एकत्र जेवतात कशी. फोनवर उत्तर देऊ लागलो तेव्हा लक्षात आले की हे दोन मिनिटांत सांगण्यासारखे नाही. आज येथे सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आजीला वाचून दाखव, तिलाही हे आवडेल.

मी राहतो त्या इमारतीत बहुतेक जण केरळचे आहेत, दोघे पाकिस्तानचे आणि एक जण बिहारचा आहे. गुरुवारी रात्री आम्ही एकत्र जेवतो, एखादा चित्रपट पाहतो, मुलांच्या परीक्षांपासून घरच्या कर्जापर्यंत सगळे बोलतो. पण राजकारण कोणी काढत नाही. ओमानमध्ये राजकीय पक्ष नाहीत, आणि पोटासाठी परक्या मुलखात आलेल्या माणसाने तोंड सांभाळून राहावे हे कोणी न सांगताही सर्वांना कळते. अकरा वर्षांत मला याची सवय झाली आहे. त्यामुळे तुझ्या निरोपात मागून आबांचा चढलेला आवाज ऐकू आला तेव्हा मला त्रास झाला नाही. उलट आपल्या घरात अजून प्रत्येकाला आपले मत मोठ्याने सांगता येते, याचे बरे वाटले.

आधी चित्रपटाचे पाहू. करमणूक वेगळी आणि राजकारण वेगळे, अशी वाटणी आपल्या भागात फारशी कधी झालेलीच नाही. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग १८४३ साली आपल्या सांगलीत झाला, हे तुला शाळेत शिकवले आहे, आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो हेही तुला माहीत आहे. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. म्हणजे आपल्या नाटकाच्या पाळण्याला पहिली दोरी राजाश्रयाची होती. पण त्याच मुलखात तमाशाच्या बोर्डावर राजाची रेवडी उडत असे. मी तुझ्याएवढा असताना मामाच्या गावच्या जत्रेत, शेतात घोंगडे टाकून, वग पाहिला आहे. सोंगाड्या राजापुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘महाराज, ऊस आमच्या रानात, कारखाना आमच्या शिवारात, मग साखर आमच्या चहात का न्हाई?’’ राजाला उत्तर सुचले नाही. समोर पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून गावचे पुढारी बसले होते, त्यांच्याकडे सगळ्या माणसांनी वळून पाहिले. मला अजून आठवते की आबा त्या वेळी हसले नाहीत. त्यांनी पुढे वाकून माझ्या कानात विचारले, ‘‘कळलं का, कुणाला विचारलं ते?’’ त्या रात्री घरी परतताना बैलगाडीत मामा आणि आबा यांचा उसाच्या दरावरून असा वाद झाला की मला झोप लागली नाही.

काळू-बाळूंचा तमाशा आपल्या कवलापूरचा. गेल्या आठवड्यात, १ ऑगस्टला, तुमच्या शाळेत ज्यांची जयंती झाली ते अण्णा भाऊ साठे आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे. त्यांनी तमाशाच्या घाटातून लोकनाट्य उभे केले आणि त्यात गिरणी कामगारांचे व संयुक्त महाराष्ट्राचे प्रश्न मांडले. पुढे १९७५ साली ‘सामना’ हा चित्रपट आला, त्यात साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा पुढारी निळू फुल्यांनी उभा केला. तो पाहून आलेल्या आमच्या घरातल्या माणसांना त्यात ओळखीचा चेहरा दिसला नसेल तरच नवल. तेव्हा शिवकाळावरचा चित्रपट पाहताना काकांना आजचे नेते आठवले आणि आबांना तसे आठवणे रुचले नाही, तर त्यात दोघांनीही काही विपरीत केले असे मला वाटत नाही. चित्रपट पाहून बाहेर आल्यावर पडद्यावरचे न्याय-अन्याय आपल्या गल्लीशी ताडून पाहायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझे एवढेच म्हणणे आहे की ते मध्यंतरात करू नये, कारण मागच्या रांगेतल्या माणसांनीही तिकिटाचे पैसे दिलेले असतात. हे काकांना माझ्या नावाने सांग.

आता सहलीचे. आबा पेठेत, काका कामावर, आई आणि काकी घरच्या व बाहेरच्या कामात, तुम्ही मुले शाळेत; आठवड्यात सगळे एका ठिकाणी बसतात कधी? बसतात ते औदुंबरच्या घाटावर, हरिपूरच्या संगमावर नाहीतर दंडोबाच्या डोंगरावर डबा उघडल्यावर. मी लहान असताना आम्ही हरिपूरला चालत जात असू. कृष्णा आणि वारणा जेथे मिळतात तेथे संगमेश्वराचे दर्शन घ्यायचे, मग झाडाखाली चादर पसरायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही-कांदा आणि शेवटी भडंग. हे भडंग वर्तमानपत्रात बांधलेले असे. भडंग संपले की आबा तो तेलकट कागद झटकत, गुडघ्यावर सरळ करीत आणि चार दिवसांपूर्वीची बातमी मोठ्याने वाचीत. तेलामुळे कागद पारदर्शक होऊन मागच्या पानावरची अक्षरेही दिसायची, तरी ते बोट ठेवून वाक्य पुरे करायचे. वाचून झाले की आम्हा दोघा भावांना विचारायचे, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि तुझे काका सहा. आम्हाला काय वाटते, हे जगात दुसरे कोणी विचारत नव्हते. आज काका आबांपुढे आवाज चढवून बोलतात, ते बोलायला आबांनीच त्यांना त्या चादरीवर शिकवले आहे.

आणि बोलण्याचा विषय तरी कोठे लांबचा असतो? पावसाळ्यात आपल्या गावभागातला माणूस सकाळी उठून पहिली चौकशी करतो ती आयर्विन पुलाखालच्या पाण्याची. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची, हे तू पाढ्यांच्या आधी शिकलास. वर कोयनेतून किती पाणी सोडायचे हे आपले सरकार ठरवते, खाली अलमट्टीत किती अडवायचे हे कर्नाटकचे. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा कर्नाटकचा आग्रह आहे, आणि या वर्षी सगळा जिल्हा त्याविषयी बोलतो आहे. आबांचे म्हणणे, त्या धरणाच्या फुगवट्याने, म्हणजे अडवल्यामुळे मागे चढणाऱ्या पाण्याने, सांगली बुडते. काकांचे म्हणणे, नदीच्या पात्रात आणि ओढ्यांवर आपणच बांधकामे केली, त्याने बुडते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीनेही अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. मला स्वतःला काकांचे अधिक पटते. पण आबांनी या नदीचे पाणी घरात शिरताना किती वेळा पाहिले आहे, हे लक्षात घेतले की त्यांची धास्ती मला खोटी म्हणवत नाही. धरण, पूर, उसाचा दर, कोणत्या इयत्तेपासून कोणती भाषा, ही सगळी राजकारणाचीच कामे आहेत. पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि जूनच्या अखेरीस सरकारने तो मागे घेतला, तेव्हा आपल्या घरात त्याचा संबंध थेट धाकट्या मनूच्या दप्तराशी होता.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. तू आठ वर्षांचा होतास आणि तुला आधीच मिरजेला मावशीकडे नेले होते, म्हणून तू ते पाहिलेले नाहीस. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आबा घर सोडायला तयार नव्हते. जिन्यावर बसून भिंतीवर खडूने पाण्याची रेघ ओढत होते आणि शेजारी वेळ लिहीत होते. पाचव्या पायरीला पाणी लागले तेव्हा काकांनी त्यांना पाठुंगळी घेतले आणि छातीएवढ्या पाण्यातून नावेपर्यंत नेले. काकीने वरच्या खिडकीतून फोनवर ते चित्रित करून मला पाठवले होते. त्यात नावाड्याची हाक ऐकू येते, पावसाचा आवाज ऐकू येतो, आणि काकांच्या पाठीवरून आबांचा आवाज ऐकू येतो : ‘‘तरी सांगत होतो, अलमट्टीचं दार उघडायला लावा.’’ काका पाण्यातून एकेक पाऊल चाचपत म्हणतात, ‘‘आबा, नाल्यावर बांधलंय कुणी ते आधी सांगा, आणि मान घट्ट धरा.’’ मी येथे खोलीत एकटा ते पाहत होतो आणि मला रडू आवरले नाही. पुढे घराला रंग दिला तेव्हा आबांनी जिन्यातली वरची रेघ पुसू दिली नाही, ती तू रोज पाहतोस.

ज्याच्या पाठीवर बसता येते त्याच्याशीच इतके मोकळेपणाने भांडता येते, ओंकार. त्यांचा वाद धरणाचा असतो, पक्षाचा असतो. काका वाईट मुलगा आहे किंवा आबा वाईट बाप आहेत, असे त्यांच्यापैकी कोणी कधी म्हटलेले नाही. तू पुढच्या वेळी नीट ऐक. आवाज चढतो, पण ‘तुम्ही’चे ‘तू’ होत नाही, आणि जुनी उणीदुणी निघत नाहीत. गेल्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत तर एका घरातून तीन वाटा होत्या. काँग्रेसमधून बंड करून अपक्ष उभे राहिलेले वसंतदादांचे नातू विशाल पाटील एकीकडे, भाजपचे संजयकाका पाटील दुसरीकडे, आणि शिवसेना ठाकरे गटाचे पैलवान चंद्रहार पाटील तिसरीकडे. आबांचे मत कोठे जाणार हे ठरलेलेच होते, कारण १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या आणि पोलिसांची गोळी झेललेल्या वसंतदादांची कथा त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. काका भाजपचे. आजीने कोणाला मत दिले हे तिने आजवर सांगितलेले नाही, आणि तेही तिचे राजकारणच आहे. ७ मे रोजी तिघे एका गाडीतून मतदानाला गेले. निकालात लिफाफा चिन्हावर अपक्ष उमेदवार सुमारे एक लाख मतांनी निवडून आला. आबांनी पेढे आणले आणि पहिला पेढा काकांच्या हातावर ठेवला. काकांनी तो खाल्ला. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावे लागते. मला रजा मिळाली नाही, ही खंत माझ्या मनात अजून आहे.

मात्र ही रीत आपोआप टिकते असे नाही, आणि ती मी स्वतः मोडली आहे, हे तुला सांगणे भाग आहे. शाळेतल्या माझ्या एका मित्राला तू ओळखतोस. मारुती मंदिराच्या पुढच्या गल्लीत त्याचे भडंगाचे दुकान आहे. गेल्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या निकालानंतर, आमच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने काही लिहिले, ते मला पटले नाही. मी त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवे होते. मी त्याच्या अकलेवर आणि जातीवर घसरलो. समोर बसलो असतो तर त्याचा चेहरा पाहून माझी जीभ अडली असती. येथे समोर चेहरा नव्हता, मजकूर होता, आणि तो पाठवायला एक बोट पुरले. त्याने काही न लिहिता गट सोडला. नऊ महिने झाले, आम्ही बोललेलो नाही. लहानपणी पुराच्या वर्षी आम्ही दोघांनी एका ताटात जेवून शाळेच्या वर्गात रात्री काढल्या आहेत. चूक सर्वस्वी माझी आहे. मी दोनदा त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही, आणि तसे करण्याचा त्याला अधिकार आहे.

म्हणून आबा आणि काका यांचा वाद सुरू झाला की कानात बटणे घालून बसू नकोस. ऐक, आणि न कळलेले तेथल्या तेथे विचार. फुगवटा म्हणजे काय, अपक्ष म्हणजे काय, हे त्या दोघांइतके चांगले तुला कोणी सांगणार नाही. तुला जे वाटते तेही सांग, ते दोघांच्या विरुद्ध असले तरी चालेल.

आणि एक काम कर. येत्या रविवारी हरिपूरला जाणार असाल तर भडंग माझ्या त्या मित्राच्याच दुकानातून घे, अर्धा किलो. पैसे आईकडून घेऊन पुरते दे, तो नको म्हणाला तरी दे. त्याला काका म्हणून नमस्कार कर आणि सांग, बाबा दिवाळीला येणार आहेत, आल्याबरोबर आधी तुमच्याकडे येतो म्हणाले आहेत. तो काय म्हणाला ते मला जसेच्या तसे कळव.

आबांना व आजीला शिरसाष्टांग नमस्कार, मनूला आशीर्वाद.

तुझा,
बाबा