थेट विमानाचे जादा ६४ हजार द्यावेत का?

प्रश्न: मी ७१ वर्षांचा, पत्नी ६६. मुलीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात सांगलीहून न्यू जर्सीला जायचंय. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाचं दोघांचं जाण्या-येण्याचं तिकीट २,८०,००० रुपये. दुबईमार्गे २,१६,०००, पण जाताना रात्रीचे नऊ तास थांबायचं, येताना तीन. पत्नीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बचत खात्यात अडीच लाख आहेत. थेट जायचं तर आठ महिन्यांनी पिकणारी मुदत ठेव मोडावी लागेल.

उत्तर: ठेव मोडू नका. नऊ तासांच्या थांब्याचं तिकीटही काढू नका.

दुबईवरून जाणं म्हणजे मोठा वळसा, असं वाटतं खरं. पण मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर आहे. मुंबई–दुबई १,९३० आणि पुढे ११,००० धरले तरी वळसा चारशेच्या आतबाहेरच. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, दुबईमार्गे दोन्ही उड्डाणांना मिळून सतरा-साडेसतरा. (येताना वारा पाठीशी असतो, तास-दीड तास कमी लागतो.) म्हणजे वेळ खातोय तो थांबा. जाण्यायेण्याचे मिळून तुमचे चौदा-साडेचौदा तास वाचतील, तासाला जवळपास साडेचार हजार रुपये मोजून. पेन्शनवर राहणाऱ्याला हा भाव मला महाग वाटतो.

एजंटला जातानाही अडीच-तीन तासांचाच थांबा शोधायला सांगा. पंधरा-वीस हजार जास्त पडले तरी घ्या. सलग सोळा तास बसण्यापेक्षा मधे पाय मोकळे झालेले त्या गुडघ्याला कदाचित बरेच. डॉक्टरांना एकदा विचारा.

मात्र पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर हवा. दोन सुटी तिकिटं स्वस्तात दाखवतील, भुलू नका. पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर नवं तिकीट तुमच्याच खिशातून, आणि दुबईत बॅगा घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे तिथल्या व्हिसाचा प्रश्न. अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलायचं तिकीटही नको; इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स सगळं तिथे उरकून पुन्हा धावपळ.

प्रवास विम्याचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही, मला काळजी त्याची जास्त आहे. अमेरिकेत इमर्जन्सीत एक रात्र काढावी लागली तरी लाखांचं बिल येऊ शकतं. किमान एक लाख डॉलरचं कव्हर घ्या आणि आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते सही करण्यापूर्वी वाचा. अशा आजारांसाठी बऱ्याच पॉलिसी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे देतात.

तिकीट काढून उरलेल्या पैशांत विमा बसला नाही, तर ठेवीवर कर्ज काढा. ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दर लागतो. चाळीस हजारांवर नऊ टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज २,४०० रुपये, आणि ठेव चालूच राहते. मोडलीत तर अख्ख्या रकमेचा दर घसरतो.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही विमानतळांसाठी आणि दुबईसाठीही. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आणि थेट विमानाचा फरक जावई देतो म्हणाले, तर उगाच नको-नको करू नका.